अजून थोडी पापणी

दाताच्या डॉक्टरांवर झोपेचा आरोप झाला, तेव्हा त्यांच्या हातात ड्रिल चालू होतं.

आरोप करणाऱ्या होत्या मुख्याध्यापिकाबाई. बाईंना निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली होती, पण त्या निवृत्त झाल्याचं त्यांना सांगायची हिंमत कुणी केली नव्हती. आसपासच्या गल्ल्यांतली निम्मी माणसं त्यांच्या हाताखाली शिकली होती आणि उरलेली निम्मी त्या माणसांशी लग्न करून तिथे आली होती. बाईंनी चष्मेवाला बदलला की गल्ली चष्मेवाला बदलायची. बाई आपल्याकडे येतात, याचा डॉक्टरांना अभिमान होता आणि थोडी धास्तीही होती.

त्या दिवशी खुर्चीत आडव्या झालेल्या बाईंनी हात वर केला. डॉक्टरांनी ड्रिल थांबवलं. बाईंनी तोंडातला कापूस काढून ट्रेमध्ये ठेवला आणि म्हणाल्या, "डॉक्टर, आधी तुमची झोप होऊ द्या. मी बाहेर बसते."

"मी जागा आहे, बाई."

"मागच्या बाकावरचे पण हेच म्हणायचे."

आणि अर्धी कोरलेली दाढ तशीच घेऊन बाई निघून गेल्या. जाताना दाराशी थांबून म्हणाल्या, "हात हलका आहे तुमचा, म्हणून येते. पण झोपलेल्या माणसाचा हात हलका असून काय उपयोग?"

खरं म्हणजे डॉक्टर टक्क जागे होते. दोष होता तो त्यांच्या पापण्यांचा. वरच्या पापण्या मुळातच जड, त्यात वयाबरोबर त्यांची कातडी सैल पडली होती आणि अर्ध्या डोळ्यांवर उतरली होती. दुसऱ्या कुठल्या धंद्यात हे खपून गेलं असतं. पण दाताच्या डॉक्टरांचं नाक-तोंड मास्कच्या आत असतं. खुर्चीतल्या माणसाला वर बघितल्यावर दिसतात ते फक्त दोन डोळे. तेच पेंगुळलेले, आणि खाली हातात फिरती सुई. बाईंचं म्हणणं अगदीच चुकीचं नव्हतं.

संध्याकाळी डॉक्टरांनी बायकोला विचारलं. बायको क्लिनिकच्या काउंटरवर बसायची, वेळा द्यायची, फोन घ्यायची, घाबरलेल्यांना धीर द्यायची.

"अगं, मी झोपेत असल्यासारखा दिसतो का?"

"आपल्या लग्नाच्या फोटोंत तुमचे डोळे उघडे असलेला एकच फोटो आहे," ती टेबल पुसत म्हणाली. "त्यात माझ्या भावाने मागून तुम्हाला चिमटा काढलाय."

दुसऱ्याच दिवशी डॉक्टरांनी आपल्या जुन्या मित्राला गाठलं. हा मित्र नाकं, हनुवट्या आणि पापण्या दुरुस्त करणारा सर्जन होता. कॉलेजच्या होस्टेलमध्ये दोघं एका खोलीत राहायचे. सर्जनचं तिथलं नाव कात्री, कारण तो खोलीतल्यांचे केस फुकट कापायचा. डॉक्टरांचं नाव पेंगू. ते का, हे सांगायला नको.

"सोपं काम आहे," कात्री म्हणाला. "जादा कातडी काढायची, बारीक टाके घालायचे. पण नीट ऐक. सूज येईल, काळंनिळं होईल. डोळे कोरडे पडू शकतात. दोन बाजू कधी कधी तंतोतंत सारख्या येत नाहीत. आणि कातडी प्रमाणाबाहेर गेली तर डोळा पूर्ण मिटत नाही. म्हणून थोडी सैल ठेवायचीच असते. कळलं?"

डॉक्टरांनी मान डोलावली. गोड खाऊन चूळ भरा म्हटल्यावर त्यांचे पेशंट अगदी अशीच मान डोलावत. म्हणजे त्यांनी काहीही ऐकलं नव्हतं.

ऑपरेशन जागेपणीच होतं. फक्त पापण्या बधिर केल्या होत्या. इथेच घोटाळा झाला. डॉक्टरांचा सगळा जन्म ज्यांना बोलता येत नाही अशा पेशंटांत गेला होता. तोंडात आरसा, नळी आणि कापूस असल्यावर माणूस मत देत नाही. आज मात्र ते स्वतः पेशंट होते आणि तोंड संपूर्ण मोकळं होतं. त्याचा त्यांनी पुरेपूर उपयोग केला.

"दिवा जरा डावीकडे घे," ते पडल्यापडल्या म्हणाले. "आणि ती नर्स ट्रे चुकीच्या बाजूला धरतेय."

"पेंग्या, गप्प बस."

"मी आपलं सुचवतोय."

कातडी काढून झाल्यावर कात्री म्हणाला, "डोळे उघड. आता मीट. ठीक आहे, टाके घालतो."

"थांब. जड लागतंय अजून."

डॉक्टरांचा रोजचा रिवाज असा, की दाढेत सिमेंट भरलं की पेशंटला निळा कागद चावायला द्यायचा आणि विचारायचं, उंच लागतंय का? लागत असलं तर थोडं घासायचं. पुन्हा चावा. अजून लागतंय? अजून थोडं घासायचं. लागेनासं होईपर्यंत हे चालायचं. जन्मभराची सवय ती. आपण कुणाच्या टेबलावर आहोत, याचं भान ती कशी ठेवणार?

"उजवीकडे लागतंय. अजून थोडं घे," डॉक्टर म्हणाले.

"अरे, बधिर केलंय म्हणून जड वाटतंय."

"मला शिकवू नकोस. रोज बधिर करतो मी लोकांना. घे थोडं."

"ही कातडी आहे, सिमेंट नाही. गेली की परत भरता येत नाही."

"घाबरतोस कशाला? घे म्हणतो ना."

कात्री मुळात शहाणा सर्जन होता. पण होस्टेलमध्येही याची वटवट थांबवण्यासाठी त्याने कितीदा तरी हार मानली होती, आणि जुनी दोस्ती माणसाला नेमकी नको तिथे जुन्या सवयीवर नेते. त्याने उजवीकडे थोडं घेतलं. मग डॉक्टर म्हणाले, आता डावं जड लागतंय. त्याने डावीकडे घेतलं. मग पुन्हा उजवं. शेवटी कात्रीने नर्सला सांगितलं, "टाके दे लवकर, नाहीतर हा भुवया पण काढायला लावेल."

सूज उतरली, काळंनिळं गेलं, आणि डॉक्टर आरशासमोर उभे राहिले. झोपाळूपणाचा मागमूस नव्हता. डाव्या डोळ्यात आश्चर्य होतं. उजव्या डोळ्यात धक्का होता. त्यांनी डोळे मिटून पाहिले, तर मिटता मिटता खाली एक फट उरली आणि त्या फटीतून त्यांना स्वतःचे मिटलेले डोळे आरशात दिसले.

बायकोला पहिला फटका घरीच बसला. सुटीच्या दुपारी तिने डॉक्टरांसमोर बसून आपल्या बहिणीच्या भांडणाची पूर्ण हकिकत सांगितली. डॉक्टर डोळे विस्फारून ऐकत होते. इतक्या वर्षांत नवऱ्याने आपलं बोलणं असं जीव लावून ऐकलेलं तिला आठवेना. तिला भरून आलं. मग डॉक्टर घोरले.

"शीऽ" म्हणून ती उठली आणि त्यांच्या तोंडावर टॉवेल टाकला.

क्लिनिक पुन्हा सुरू झालं त्या दिवशी डॉक्टरांनी बाईंना स्वतः फोन करून बोलावलं. बाई आल्या, खुर्चीत आडव्या झाल्या, त्यांनी तोंड उघडलं. डॉक्टर मास्क लावून वाकले. बाईंनी वर पाहिलं आणि खुर्चीचे दोन्ही हात घट्ट धरले.

"काय दिसलं?" त्यांनी विचारलं.

"काही नाही, बाई. थोडा थर साचलाय. आणि ती अर्धवट दाढ आहे, ती भरून टाकू."

"डॉक्टर, मी कच्च्या दिलाची नाही. काय असेल ते सांगा."

"खरंच काही नाही," डॉक्टर म्हणाले. पण डोळे पुरते मिटत नाहीत, म्हणून ते कोरडे पडतात, आणि कोरडे पडले की त्यांना भसाभसा पाणी येतं. ते नेमकं आत्ता आलं. एक थेंब डाव्या गालावरून ओघळून मास्कमध्ये जिरला. डॉक्टरांनी बाहीने डोळे पुसले आणि शक्य तितक्या मऊ आवाजात म्हणाले, "काळजी करण्यासारखं काही नाही, बाई. तुम्ही फक्त आनंदात राहा."

बाई उठल्या. शांतपणे चप्पल घातली. इतक्या शांतपणे त्या आजवर कुठूनच उठल्या नव्हत्या. घरी जाऊन त्यांनी सुनेला हाक मारली आणि कपाटाच्या किल्ल्या तिच्या हातात दिल्या. ज्या कपाटाकडे सुनेने नुसतं पाहिलं तरी बाई खाकरत, त्या कपाटाच्या. सून घाबरली. तिने नवऱ्याला फोन केला, नवऱ्याने आपल्या शाळासोबत्यांना केला, आणि संध्याकाळपर्यंत बाईंच्या घरी जुन्या विद्यार्थ्यांची रांग लागली. एकाने वर्गातली खिडकी आपणच फोडल्याची कबुली दिली. बाई म्हणाल्या, "मला माहीत होतं," आणि त्याला माफ केलं. तेव्हा तर सगळ्यांची खात्रीच पटली.

शेवटी मुलाने त्यांना दुसऱ्या दाताच्या डॉक्टरकडे नेलं. त्याने तोंडात पाहिलं आणि सांगितलं, "थोडा थर आहे. आणि एक दाढ कुणीतरी अर्धवट सोडलीय."

बाईंनी घरी येऊन आधी किल्ल्या मागितल्या.

"राहू द्या ना, आई," सून लाडाने म्हणाली. "आता तुम्ही आराम करायचा."

त्या दिवसापासून बाईंनी डॉक्टरांचं नाव टाकलं. आणि बाईंनी टाकलेलं नाव गल्लीत कोण घेणार? बाई न आल्याने गल्ली आली नाही. जे आले ते बाईंना न ओळखणारे होते, आणि तेही एकदा वर बघून दुसऱ्यांदा आले नाहीत. डॉक्टर रिकाम्या खुर्चीशेजारी उभे राहून दिवा लावत आणि बंद करत. आपल्याला दुसरं काही येत नाही, आणि जे येतं ते आता कुणाला नको आहे, या विचाराने त्यांना खरोखर रडू यायचं. पण ते खरं रडू आहे की नुसतं पाणी, हे बायकोलाही ओळखता येत नसे.

बायको मात्र हातपाय गाळणारी नव्हती. तिने आधी काळा चष्मा आणला. पहिलाच पेशंट पोस्टमास्तर होता. त्याला वर दोन काळ्या काचा दिसल्या आणि प्रत्येक काचेत आपली किडकी दाढ, दिव्याच्या झोतात, मोठी होऊन. त्याने "दुखतंय, दुखतंय" म्हणून हात वर केला, तेव्हा डॉक्टर अजून त्याच्या तोंडात पोहोचलेही नव्हते. शिवाय काळ्या चष्म्यातून डॉक्टरांना दाढ दिसेना.

मग तिने मास्कवर हसरं तोंड रंगवलं. वर धक्का बसलेले डोळे आणि खाली कानापर्यंत हसू. एक गृहस्थ खुर्चीतून जे निघाले ते गळ्यातला कागदी रुमाल न काढताच रस्त्याला लागले.

मग तिने चिकटपट्टी आणली. बारीक, पारदर्शक. पापण्यांना लावून खाली गालावर चिकटवली की डॉक्टर अगदी पूर्वीसारखे, निवांत दिसायचे. एका शिंपिणीची अर्धी दाढ अशी छान साफ झाली. मग डोळ्यांना पाणी आलं, पट्टी भिजली, आणि डॉक्टर मुळाशी वाकलेले असताना दोन्ही पापण्या फटकन वर गेल्या. शिंपीण किंचाळली नाही, कारण तिच्या तोंडात नळी होती. तिने डॉक्टरांच्या पोटात लाथ मारली.

पोट चोळत डॉक्टर कात्रीकडे गेले.

"परत कर माझ्या पापण्या."

"होईल रे. घाई करू नकोस," कात्री म्हणाला. "थेंब घाल, मलम लाव, पापणी बोटाने हलकेच खाली ओढून मालीश कर, झोपताना पट्टी लाव. कातडी ताणली जाते हळूहळू. नाहीच झालं तर कानामागची कातडी काढून तिथे लावू. पण काही महिने जाऊ देत. जखम मुरायच्या आत पुन्हा हात घातला तर आणखी बिघडेल."

"काही महिन्यांत मी भाजी विकायला बसेन."

"बस. ताजी आहे का विचारायची कुणाची छाती होणार नाही."

सल्ला अगदी बरोबर होता, आणि या खेपेला डॉक्टरांनी तो पाळला. मालीश केलं, मलम लावलं. थोडा फरक पडला. धक्का उतरून आश्चर्यावर आला आणि आश्चर्य तिथेच राहिलं. महिने गेले. कात्रीचं मात्र "बघू, अजून थोडं थांबू" संपेना. आपल्या हातचं काम आपणच उसवायचं म्हणजे चूक कबूल करणं आलं, आणि ते सर्जनच्या जिवावर येतं.

अशातच एका सकाळी कात्रीची दाढ ठणकायला लागली. गाल धरून तो क्लिनिकमध्ये आला. जवळपास दुसरं कुणी इतक्या सकाळी उघडलं नव्हतं, आणि इथे रांगही नव्हती.

"आ कर," डॉक्टर म्हणाले.

कात्रीने आ केला. वर पाहिलं. इतके महिने त्याने ते डोळे आपल्या टेबलाच्या पलीकडून, उभ्याने पाहिले होते. आडवं पडून, तोंड उघडं ठेवून, दिव्याखालून ते कसे दिसतात, हे त्याला पहिल्यांदा कळत होतं. त्याने तोंड मिटलं.

"काय आहे रे?"

"साधी कीड आहे. भरून टाकतो."

"पेंग्या, माझ्यापासून लपवू नकोस. आपण एका खोलीत राहिलोय."

"कीड आहे म्हणतो ना."

"तुझे डोळे तसं सांगत नाहीयेत."

"माझे डोळे मला काय विचारतोस? ते तू केलेत."

एवढ्यात डॉक्टरांच्या डोळ्यातून पाण्याचा एक थेंब कात्रीच्या कपाळावर पडला. कात्रीने तो बोटाने पुसला. मग हळूच म्हणाला, "तू दाढ भर. सोमवारी ये. कानामागची कातडी लावू."

"अजून थांबायचं नाही?"

"नाही. आणि ये तेव्हा तोंडात कापूस घालून ये."

दुसरं ऑपरेशन कापूस घालूनच झालं. डॉक्टरांना मध्येच काही तरी सुचवायचं होतं, पण नुसतं "हं हं" ऐकू आलं, आणि कात्रीने त्याचा अर्थ आपल्या सोयीने लावला. पापण्या उत्तम झाल्या. डोळे मिटत होते, उघडत होते, दोन्ही बाजू सारख्या होत्या. नजर इतकी शांत झाली की बायको म्हणाली, "लग्नाआधी असे दिसला असता तर मी जास्त विचार न करता हो म्हटलं असतं." कात्रीने फक्त बजावलं की आता पापण्यांना कशासाठीही चिकटपट्टी लावायची नाही.

बातमी गल्लीत गेली, पण बाई येईपर्यंत गल्ली हलणार नव्हती. आणि एके दिवशी बाई आल्या. एक गाल चांगलाच सुजला होता.

"तो दुसरा डॉक्टर," त्या खुर्चीत बसत म्हणाल्या, "त्याचा हात म्हणजे पहार आहे. दाढ भरताना त्याने खांदा लावला. बघा तुम्ही."

डॉक्टरांना इतका आनंद झाला की त्यांनी मास्क उलटा लावला, मग सुलटा केला. बाईंनी वर पाहिलं. दोन निवांत, प्रेमळ डोळे त्यांच्याकडे बघत होते. त्यांचे हात खुर्चीवर सैल पडले.

डॉक्टरांनी दाढेला हलकेच आरसा लावला आणि त्यांचा आनंद मावळला. जी दाढ त्या दिवशी अर्धी राहिली होती, तीच. मुळाशी पू झाला होता, हिरडी तटतटली होती, सूज जबड्याखाली उतरायला लागली होती.

"बाई, ही दाढ आजच काढावी लागेल. पू पसरतोय. हयगय केली तर फार वाईट होईल."

बाईंनी त्यांच्या डोळ्यांत एकदा नीट पाहिलं आणि हसल्या. "घाबरवू नका, डॉक्टर. मी तुमचे डोळे बघतेय ना. काही विशेष नाही. एक गोळी लिहून द्या."

"बाई, मी गंभीरपणे सांगतोय."

"तोंडाने सांगताय. गेल्या वेळी तोंडाने काही नाही म्हणत होतात आणि डोळ्यांनी माझी तिरडी बांधली होती. मी जन्मभर पोरांच्या तोंडाकडे कधी पाहिलं नाही, डोळ्यांकडे पाहिलं." आणि त्या पर्स शोधायला लागल्या.

डॉक्टरांनी आवाज चढवला, कपाळाला आठ्या घातल्या. आठ्या टोपीखाली गेल्या. डोळे मात्र बाईंकडे मायेने बघत राहिले. आता त्यांनी धसका घेतला. बाई परत गेल्या तर गल्ली जाईल, याचा नव्हे. गल्ली गेली तर जाऊ दे. ही बाई अशीच उठून घरी गेली तर चार दिवसांत खरोखर किल्ल्या देण्याची वेळ येईल, आणि त्याला आपले हे सुंदर डोळे कारण होतील, याचा.

"एक मिनिट बसा," म्हणून ते पडद्यामागे गेले. बायको तिथे उभीच होती. तिने सगळं ऐकलं होतं. तिने खण उघडला आणि चिकटपट्टीचं जुनं रीळ त्यांच्यासमोर धरलं.

"पापण्यांना लावायची नाही म्हणालाय तो," डॉक्टर कुजबुजले.

"भुवयांना लावू," ती म्हणाली, आणि तिने त्यांच्या दोन्ही भुवया जेवढ्या जातील तेवढ्या वर ओढून कपाळाला चिकटवल्या. उजवी जरा जास्तच गेली. वर टोपी ओढली.

डॉक्टर बाहेर आले. बाई पर्स घेऊन अर्ध्या उठल्या होत्या. डॉक्टर त्यांच्यावर वाकले, दिवा जवळ घेतला आणि एक शब्दही न बोलता त्यांच्याकडे पाहत राहिले.

बाईंनी त्या डोळ्यांत पाहिलं. बराच वेळ पाहिलं. मग पर्स खाली ठेवली, हळूहळू पुन्हा आडव्या झाल्या आणि डोक्याखालची उशी सारखी केली.

"हे आधी नाही का सांगायचं?" त्या म्हणाल्या. "काढा."

डॉक्टरांनी सुई भरली. बाईंनी तोंड उघडलं, पण लगेच मिटून घेतलं आणि त्यांची बाही धरली.

"फक्त माझ्या सुनेला यातलं काही कळता कामा नये," त्या हळू आवाजात म्हणाल्या. "किल्ल्या कालच परत मिळाल्यात."